दादरमार्गे नाही, डोंगरमार्गे!

आमच्या कंपूचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की मध्येच दुसरा आठवतो आणि समोरचा चहा निवून जातो. पन्नासच्या दशकातली बोरिवली. घराजवळून दहिसर नदी वाहायची आणि समोर कान्हेरीचा डोंगर. मग रविवारी घरात बसणार कोण? आम्ही चौघं: मी कारकून, सदू विमा कंपनीत, त्याची बहीण कुसुम शाळेत शिकवायची आणि मनोरीचा पास्कल गोदीत फिटर. सायकल नाहीतर पाय, तिसरं वाहन नाही!

*

आमची लाडकी वाट म्हणजे नदीकाठाने कान्हेरी, पुढे तुळशी तलाव आणि डोंगर उतरून थेट मुलुंड. पहिल्यांदा गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात लंगडत शिरलो. हेडक्लार्कनी विचारलं, तशी छाती काढून सांगितलं, "काल बोरिवलीहून मुलुंडला चालत गेलो!"

"चालत? अहो, दादरला गाडी बदलली की झालं!"

"साहेब, दादरला तलाव लागत नाही!"

पुढच्या रविवारी साहेब नवे कॅनव्हासचे बूट घालून नदीवर हजर!

*

पास्कलच्या घरी जायचं म्हणजे मार्व्याहून होडी. एकदा उतरता उतरता होडी डुलली आणि त्याची सायकल धपकन खाडीत!

"वाट लागली!" सदू ओरडला.

पास्कलने शर्ट काढून बुडी मारली आणि सायकल खांद्यावर घेऊनच वर आला. अंगणात ती उलटी केली, तर सीटमागच्या पिशवीतून एक खेकडा तुरुतुरु बाहेर!

त्याची आई म्हणाली, "पावणे आणलेस ते आणलेस, कालवणाची पण सोय केलीस रे!"

*

कुसुम साडीचा काचा मारून सायकल चालवायची. शेजारच्या बायका नाकं मुरडायच्या. पण घोडबंदरच्या चढावर ती आमच्या पुढे असायची, हे मी आज कबूल करतो!

एकदा त्याच चढावर एक ट्रक वाफा सोडत उभा होता. कुसुमने स्वतःची पाण्याची बाटली ड्रायव्हरला दिली. त्याने विचारलं, "बाई, कुठून आलात?"

"बोरिवलीहून."

"या सायकलवर? आणि दमला नाहीत?"

"दमले ना! पण माझं पाणी उकळलं नाही!"

*

सदूचे वडील, अप्पा, रिटायर्ड पोस्टमास्तर. मुलुंडच्या वाटेवर लोक चुकायचे, म्हणून आम्ही दगडांवर चुन्याने बाण काढले होते. अप्पांना ते बिलकूल पसंत नव्हतं. "घरचे रस्ते नीट माहीत नाहीत आणि निघाले जगाला वाट दाखवायला!"

एका रविवारी सदूचं डोकं फिरलं. "अप्पा, एकदा चालून दाखवा, मग बोला!"

अप्पा उठले आणि धोतर सावरत बाहेर पडले. देवळात गेले असतील, असं सगळ्यांना वाटलं. दुपारचं ताट वाढलं तरी पत्ता नाही. देवळात नाहीत, नदीवर नाहीत. सदू पांढराफटक पडला. "डोंगरात बिबट्या फिरतो रे! मी कशाला बोललो!"

आम्ही धावतच सुटलो. कान्हेरीच्या पुढे पहिला बाण आला. पास्कलने बोट लावलं. चुना ताजा! पुढचाही ताजा. प्रत्येक बाण नव्याने काढलेला, पट्टीने आखल्यासारखा सरळ.

ऊन कलता कलता मुलुंडच्या पायथ्याला पोचलो. तिथल्या टपरीवर अप्पा बशीने चहा पीत बसले होते. गुडघ्यांपर्यंत चुना आणि बाजूला आमचंच चुन्याचं डबडं. सदूने त्यांचे पाय धरले.

अप्पांनी बशी खाली ठेवली. "छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी. पत्ता असा लिहितात? आणि ठाण्याच्या फाट्यावर बाणच नाही! पुढच्या रविवारी चुना दुप्पट घ्या!"