सैल गाठींची माळ

पालीच्या बाजारात कुणाचे डोळे पिवळे दिसले की लोक त्याला माझ्या मोठ्या जावेकडे, गोदूबाईकडे धाडायचे. कसल्याशा ओल्या मुळीच्या काड्या दोऱ्यात बांधून ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. माळ लांबत लांबत पायाशी आली की कावीळ उतरली.

शेजारच्या मथुरेचा सदू मुंबईला डॉक्टरी शिकत होता. ब्याऐंशीच्या मे महिन्यात दोन मित्रांना घेऊन आला. मेल्यांनी गोदूची माळ नारळावर चढवली! काड्या सुकल्या, गाठी सरकल्या, माळ लांबली. "नारळाला कधी झालेली कावीळ?" म्हणून खिदळले. असा संताप आला मला! गोदू मात्र म्हणाली, "बरा झाला ना नारळ? मग झालं तर."

पुढच्या वर्षी कुणा रोग्याची सुई सदूच्या बोटात गेली. हळदीसारखा पिवळा होऊन घरी आला. लिव्हर गेलंय, औषध नाही, एवढंच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं. मथुरेने गोदूचे पाय धरले.

गोदू माळ घेऊन गेली, मीही सोबत गेले. सदूने आईला पेज आणायला आत पाठवलं नि हळूच म्हणाला, "काकी, गाठी सैल मार. लवकर उतरू दे. आईला झोप नाय गो."

गोदूने सैल मारल्या. दुसऱ्या दिवशी माळ पायाशी आली. मथुरेने वाडीभर गूळ वाटला. त्याच आठवड्यात सदू गेला.

तेव्हापासून गोदूने दोरा हातात घेतला की तिच्या मानेशी कुणीतरी श्वास घेतं. "सदू बसलाय माझ्या पाठीशी," म्हणते. तेही भरदुपारी! मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तिने हे कधीच सोडलं असतं, पण मथुराच एकेकाला हाताला धरून आणायची. "माझ्या सदूची कावीळ हिनेच उतरवली. मारला तो दवाखान्याने," असं मोठ्याने सांगायची. गोदूला मान वर करवत नसे.

परवा तिला राहवलं नाही. "मथुरे, सदूनेच सैल बांधायला लावली गो. तुझ्यासाठी. तो येतो, बसतो माझ्या पाठीशी."

मथुरा रडली नाही की ओरडली नाही. "ठाऊक हाय. दाराआड हुते मी. गूळ वाटला तो त्याला दिसावा म्हणून."

"मग अजून लोकांना का आणतेस?" गोदूने विचारलं.

"कुठून तरी ऐकत असेल तो." गोदूच्या पाठीमागच्या रिकाम्या पडवीकडे ती बघत राहिली. "माझ्याकडे नाय येत. आला की सांग त्याला, आई झोपते म्हणून."