वडिलांचा फोन

मशीनच्या तेलाचा वास आला की मला काळेवाडीच्या शाळेतला माझा सहावीचा वर्ग आठवतो. कोन शिकवायचे होते, म्हणून मी मुलांना घरचे स्मार्टफोन आणायला सांगितलं होतं. खिडक्यांचे, बाकांचे फोटो काढायचे आणि त्यांवरच कोन मोजायचे. वर्गात नुसता गलका चालला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने वडिलांचा फोन आणला होता, काचेला तडा गेलेला, तेलाचा वास येणारा, आणि तो सारखा वाजत होता. "कट कर गं," मी तीनदा म्हणाले. ती कट करायची, पण तिचं लक्ष उडालं होतं आणि माझंही. पुन्हा वाजला तेव्हा मी चिडून उचलला. तिचे वडील दुसऱ्याच्या फोनवरून बोलत होते. "मॅडम, तळवड्यात कंपनीच्या गेटवर उभा हाय. आजपासून हजेरीला ओटीपी लागतोय, तो त्या फोनवर आलाय. तेवढा सांगा." मी घाईघाईने आकडे वाचले. पलीकडून गार्डचा आवाज आला, "टाइम संपला, भाऊ. आता उद्याच या." वडील हळूच म्हणाले, "लेकराला सांगू नका, मॅडम. काम झालं म्हणा." मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. "झालं गं त्यांचं काम," मी म्हणाले. ती हसली आणि फोन घेऊन खिडकीकडे पळाली. मला मात्र तास संपेपर्यंत एका जागी उभं राहवेना. आजही पालकांच्या ग्रुपवर 'उद्या फोन पाठवा' असं लिहिते, पुसते, आणि आधी प्रत्येकाची शिफ्ट विचारते.