राजाच्या मनगटावर

साउथहॅम्प्टनच्या वॉर्डात पोचले तेव्हा सुलभाच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. रीडिंगहून सकाळी वेळेवर निघाले होते, पण मोटरवेवर कुणाचा तरी अपघात झालेला, गाडी जागची हलेना... आणि तेवढ्यात ती गेली. नर्स स्वभावाने चांगली होती. "शी वॉज व्हेरी पीसफुल, लव्ह," म्हणाली. मी विचारलं, जवळ कोण होतं? कुणीच नव्हतं. मग शांत होती हे पाहिलं कुणी? तिला हे विचारलं नाही, पण गेले काही आठवडे मनात दुसरं काही येत नाही.

सुलभा भूल देणारी डॉक्टर. मिरजेहून इथे इंग्लंडला आली तेव्हा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारणी झालो, आणि तेव्हापासून एकमेकींच्या डब्यातलं मीठही आम्हाला ठाऊक. पेशंटची शुद्ध हरपेपर्यंत त्याच्या मनगटावर बोटं ठेवून उभं राहायची तिची सवय. समोर मॉनिटर असताना हे कशाला, म्हणून ज्युनियर डॉक्टर हसायचे. "मॉनिटर माझ्यासाठी आहे गं," ती मला म्हणायची, "बोटं त्याच्यासाठी. आपल्याला कुणीतरी धरलंय एवढं तरी त्याला कळू दे."

हित्ती शिल्पांचं वेड तिचं नव्हे, तिच्या नवऱ्याचं. श्रीरंगराव हाडांचे डॉक्टर. सुट्टी मिळाली की लंडनच्या संग्रहालयात त्या कोरलेल्या दगडी फरशांपुढे जाऊन उभे. तुर्कस्तानातल्या जुन्या राज्यांचे सैनिक आणि देव, सगळे एकाच दिशेला निघालेले, पायताणांची टोकं वर वळलेली. "मोजड्या घालून कुणाच्या वरातीला निघालेत हे?" असं म्हणून सुलभा बाकावर पाय चोळत बसायची. ऐंशीच्या दशकात ते तिला थेट तुर्कस्तानलाच घेऊन गेले. तिथे डोंगरातल्या एका अरुंद घळीत, खडकावर, एक उठावशिल्प आहे. उंच टोकदार टोपी घातलेला देव आणि त्याच्या कुशीत लहानखुरा राजा. देवाचा एक हात राजाच्या गळ्यात, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलेलं. मेलेल्या राजाला देव पुढे घेऊन चाललाय, असं काही जाणकार मानतात. श्रीरंगरावांनी हे मोठ्या हौसेने सांगितलं, तर ही म्हणाली, "चला आता, बस सुटेल."

काही वर्षांनी श्रीरंगराव मिल्टन कीन्सहून एकटे परतताना रस्त्याकडेला, गाडीतच गेले. गाडी त्यांनी नीट बाजूला घेतली होती, इंडिकेटर चालू होता. त्या वेळी सुलभा ऑपरेशन थिएटरमध्ये कुणा अनोळखी माणसाचं मनगट धरून उभी होती. हे तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच. "वसू, किती वेळ बसला असेल गं तो तसा?" एवढंच विचारायची.

मग तिने कौन्सिलच्या वर्गात दगड कोरायला शिकायचं काढलं. गॅरेजमधून गाडी बाहेर आली, बाथ स्टोनची, म्हणजे इथल्या मऊ पिवळसर दगडाची, मोठी फरशी आत गेली. श्रीरंगरावांनी काढलेला फोटो भिंतीवर लावून ती तोच देव आणि तोच राजा कोरायला बसली. उठावात माणूस वर काढता येत नाही, त्याच्या भोवतीचं सगळं खाली न्यावं लागतं, असं तिने मला समजावलं. "माझं तर झालंच आहे की ते," म्हणाली, आणि पुन्हा छिन्नी उचलली. फरशी होत आली तेव्हा तिचे शिक्षक बघायला आले. म्हातारा गृहस्थ बराच वेळ फोटो आणि फरशी ताडून बघत राहिला. "सुलभा डियर, युअर गॉड इज टेकिंग हिज पल्स."

खरंच होतं ते. मूळ शिल्पात देवाने मनगट नुसतं मुठीत धरलंय. हिच्या देवाची बोटं अंगठ्याखाली, बरोबर नाडीवर. तिच्या हातून नकळत झालं होतं. सुधारता आलं असतं, तिने सुधारलं नाही.

नंतर तिलाच कॅन्सर झाला. शेवटच्या आठवड्यात मी रोज जात होते. "वसू, त्या वेळी हात नको धरूस, मनगट धर," असं तिने एकदाच सांगितलं. धरते म्हणाले. त्या सकाळी खाटेभोवतीच्या पडद्याआत शिरल्यावर धरलंही. अजून ऊब होती. तिनेच मला कधीतरी शिकवलं होतं, तशी बोटं ठेवून बराच वेळ बसले...

घर आता विकायला काढलंय. ती फरशी कुणाला नको आहे, आणि एकटीने ती मला हलवता येत नाही. किल्ली माझ्याकडे आहे म्हणून मी जाते, गॅरेजचं दार वर करते. धूळ सगळीकडे आहे, फक्त राजाचं मनगट गुळगुळीत आणि काळपट झालंय. इतकी वर्षं तीही तिथे बोटं ठेवत असणार. देवाच्या बोटांशेजारी मी माझी ठेवते आणि थांबते. दगडाला नाडी नसते हे मला कळतं. तिलाही कळत होतं.