साडूंनी लांबवलेलं तुर्की पुस्तक

मला माझ्या साडूंनी फसवलं. कोपरीतल्या रद्दीच्या दुकानात, दिवसाढवळ्या, माझी पाठ वळलेली असताना. आणि एवढं करूनही ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात त्यांच्याइतका सज्जन माणूस नाही, असंच सगळे म्हणतात. माझी बायको सगळ्यात आधी.

साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीतून निवृत्त झाले आणि देशोदेशीच्या स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले. डोंबिवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बसायचं तर आधी मेक्सिको उचलून इथिओपियावर ठेवावा लागतो. पुस्तक निवडताना ते इतकं पारखतात, की मुलगी बघायला गेलेल्यांनीही एवढ्या चौकशा केल्या नसतील. नवं, गुळगुळीत, रंगीत चित्रांचं पुस्तक दाखवलं की नाक मुरडतात. "हे दिवाणखान्यातलं. ओट्यावर चढलेलंच नाही कधी." मग दुसरं एखादं कण्यावर उभं धरायचं आणि हात सोडायचे. ते आपसूक उघडेल त्या पानावर तेलाचा डाग किंवा हळदीचं बोट असलं, तर पुस्तक खरं. मग ते पान हुंगायचं. खडवलीला एका साखरपुड्यात खाली मुलाचे काका म्हणून त्यांच्या नावाचा पुकारा चाललेला आणि हे यजमानांच्या माळ्यावर एक इटालियन पुस्तक हुंगत बसलेले. खाली आले ते "फोडणीचा वास आहे हो, म्हणजे बाई हुशार," असं म्हणतच.

बरं, नुसतं हुंगून थांबत नाहीत, रांधतातही. तुर्कस्तानात कसलीशी आंबट पूड घालतात, तिथे हे कोकम वाळवून कुटतात. इथिओपियाची भाकरी केली तेव्हा आमच्या सासूबाईंनी "जावईबापू, ही तर आंबोळी" असा निकाल दिला आणि चार खाल्ल्या. याच सासूबाईंना मी घासाघीस करून निम्म्या भावात फ्रीज आणून दिला होता. त्याबद्दल एवढंच म्हणाल्या, आवाज फार करतो.

मी वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. भंगारवाले मला बघून शटर ओढतात. पण बायकोकडून मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी कोणती, तर "चालेल". साडूंकडे तीच बाई ताट पुसून खाते आणि म्हणते, "भावोजी, असं जन्मात खाल्लं नव्हतं." ते ऐकून मी ताट बाजूला सारतो. म्हणून तिच्या साठीला मी स्वतः तुर्की जेवण रांधायचं ठरवलं. एकदा, फक्त एकदा, तिने माझ्याकडे बघून ते वाक्य म्हणावं. पुस्तक निवडायला साडूंनाच सोबत घेतलं, ही माझी चूक.

कोपरीत त्यांनी ढिगातून तुर्की स्वयंपाकाचं एक इंग्रजी पुस्तक ओढलं, उभं धरलं, सोडलं, हुंगलं आणि म्हणाले, "हेच घ्या." मी भाव विचारला. रद्दीवाल्याने तोंडाला येईल तो सांगितला. मी पुस्तक ढिगावर टाकलं आणि पाठ फिरवली. गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत दुकानदार हाक मारतो, हा नियम आहे. मी कोपऱ्यावर पोचलो. हाक नाही. वळून बघतो तर साडूंनी सांगेल तो भाव देऊन पुस्तक आपल्या पिशवीत घातलेलं. भर रस्त्यात मी त्यांना नाही नाही ते बोललो. उद्या त्यानेच निम्म्यात दिलं असतं, म्हटलं. साडू पिशवी छातीशी धरून म्हणाले, "अहो, पण उद्यापर्यंत ते तिथे ठेवायचं कसं?"

साठीला तेच डबा घेऊन आले. भाताने भरलेल्या भोपळी मिरच्या. बायकोने ते वाक्य म्हटलं, त्यांच्याकडे बघून. मी पाणी प्यायलो.

जेवणं झाल्यावर साडूंनी पुस्तक माझ्यापुढे उघडलं. पानापानाच्या कडेला पेन्सिलीने, कुण्या बाईच्या गोल अक्षरात मराठीत लिहिलेलं. "ह्यांना आवडलं." "मुलांनी ताटात टाकलं." मिरच्यांपाशी लिहिलं होतं, "बिघडलं. पुन्हा बघू."

"मी बिघडलेलंच आधी करतो," साडू हळूच म्हणाले. "तिचं राहून गेलेलं." तिच्या ओळीखाली त्यांनी माझ्यादेखत लिहिलं, "जमलं. सगळ्यांनी संपवलं." मग पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता तुम्ही करा. अजून पाच-सहा बिघडलेले आहेत."

मी घेतलं नाही. एवढ्या सहज विझणारा माझा राग नाही. पण पानं उलटून पाहिली. निम्म्यानंतर पेन्सिल थांबते. डागही थांबतात. पुढची सगळी पानं दुकानातून आणल्यासारखी स्वच्छ.

साडूंचं आणि माझं भांडण आहे ते राहील, त्यांना मी बघून घेईन. पण "पुन्हा बघू" असं लिहून ठेवणाऱ्या बाईचं पुस्तक रद्दीत कुणी घातलं? तिच्या हातचं खाल्लेलं, ताटात टाकलेलं, त्या घरातलं जे कोणी असेल, त्याने समोर यावं आणि मला जबाब द्यावा.