शिंदेवहिनींच्या डब्यातले दात

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने मूर्खपणा करावा, पण इतका? चहा थंड करू नका, पीत पीत ऐका.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला माणूस. नाशिकरोडला दोन खोल्यांत एकटाच असतो. ही गेली, मुलगा पुण्यात. तोंडात वरखाली पूर्ण कवळी, पण सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं बरं का! बाहेर पडताना लावायची, घरात आलं की काढायची. दातांच्या डॉक्टरीणबाई ओरडायच्या, "काका, रात्री पाण्यात ठेवा, पण दिवसा लावत जा!" अहो, घरात लावून करू काय? वरण-भात गिळला जातो, आणि बोलायला समोर असतो तो फ्रीज!

तर झालं काय, कवळी ठेवायची डबी पडून फुटली. समोरच्या शिंदेवहिनींचे स्टीलचे दोन डबे माझ्याकडे होते, अगदी सारखे. एकात पाणी घालून दात ठेवले. दुसरा परत द्यायचा, म्हणून त्यात साखर भरली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा आमच्या हिचा नियम. ती गेली तरी मी मोडत नाही.

दुपारी बेल वाजली. "काका, आमचा डबा हवा होता."

मी तोंड घट्ट मिटून डबा दिला, मान हलवली, दार लावलं. मग भाजी आणायला निघालो, दात लावावेत म्हणून दुसरा डबा उघडला. साखर!

म्हणजे दात गेले वहिनींकडे! अनवाणी धावलो. वहिनींनी दार उघडलं, "काय झालं काका?" मी सांगायला गेलो, तर तोंडातून नुसती हवा. गाल आत, ओठ आत, शब्दाचा पत्ता नाही.

शिंदे नुकताच सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता. त्याने मला बघितलं आणि किंचाळला, "अगं, लकवा हाय हा! काका, हात वर करा!"

मी घाबरून दोन्ही हात वर केले.

"आता हलायचं नाय!" त्याने मला उचलून सोफ्यावर आडवं केलं आणि पुण्याला फोन लावला. "दादा, ताबडतोब निघा! तुमच्या वडिलांची वाचा गेली!"

मी जिवाच्या आकांताने ओट्यावरच्या डब्याकडे बोट दाखवतोय. वहिनी म्हणाल्या, "नेहमीसारखं गोडच पाठवलंत ना काका? शुगर कमी झाली असणार, थांबा, हेच भरवते!" आणि चमचा घेऊन झाकण उघडलं.

"आई गं!" चमचा एकीकडे, झाकण दुसरीकडे. डब्यात माझी बत्तिशी!

शिंदेने डब्यात बघितलं, मग माझ्या तोंडात बघितलं. असा हसला, असा हसला की भिंत धरून खालीच बसला. मी कवळी लावली आणि ओरडलो, "आधी पोराला फोन लाव!"

पण गाडी चालवताना तो फोन उचलेचना; चार तासांनी लागला तेव्हा पोरगा सिन्नर ओलांडून आला होता.

दारात उभा राहिला, डोळे लाल. मी म्हटलं, "सॉरी रे." त्याने मला मिठी मारली ती सोडेचना. खरं सांगू? शरमेने मेलो होतो, पण इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"बाबा, घरात दात का नाही लावत?"

"कुणाशी बोलू?"

शिंदेचं हसू थांबलं. पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "उद्यापासून रोज संध्याकाळी सातला फोन करीन. दात लावून बसायचं."

आणि करतो हो, रोज करतो! मी आधीच कवळी घासून, लावून, केस विंचरून तयार. दिवसभर मनात जुळवत असतो, हे सांगू, ते सांगू. आणि फोन आला की सगळ्या दातांतून एकच वाक्य बाहेर पडतं, "जेवलास का?"

परवा म्हणाला, "बाबा, सात वाजलेत. भूक तरी लागू दे!"

मी म्हटलं, "बरं. मग ठेवू?"