चौकोनी लहरीची शिंगं

"बाई, तू हात लावला का या कॉम्प्युटरले? तरीच म्हणलं, बिघडलं काहून!"

पंचवीस पोरं हसली. गणिताचे सर हे बोलून स्वतःही हसले. पडद्यावर चौकोनी लहर होती. तिच्या कोपऱ्यांना बारीक शिंगं फुटलेली. पुस्तकातल्या चित्रात ती शिंगं नव्हती. म्हणजे चूक माझ्या हाताची. माझ्या जातीच्या हाताची. जातीचं सर तोंडानं बोलत नसत. मी उठले की कीबोर्डवर सॅनिटायझर मारत.

मी आठवीत शाळा सोडलेली, सोलापूरकडची. मंगरूळपीरकडच्या मालेगावच्या या कॉलेजात लॅब झाडायला, कॉम्प्युटर चालू-बंद करायला सरांनीच लावलं. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. ते पुढं सरकायचं सरांच्या शब्दावर. म्हणून मी उपकाराखाली वाकलेली. सर दिसले की उभी. काहीही बोलले तरी "हो सर." आज आठवलं की माझीच मला किळस येते.

काम काय होतं ते सांगते. साइनच्या गोलाकार लहरी एकीत एक मिळवत गेलं की चौकोनी लहरीच्या जवळ जाणारं काहीतरी तयार होतं. तिला फूरिये श्रेणी म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये किती पदं, म्हणजे किती लहरी, घ्यायच्या तो आकडा टाकायचा, एंटर दाबायचं. परीक्षेआधी पोरांच्या जर्नलसाठी हे आलेख मीच काढायची. मग सरांच्या हुकमानं पेंटमध्ये एकेक शिंग खोडायची, कोपरा काटकोनात करायची, प्रिंट मारायची. तीन वर्षं. बाहेरून आलेले परीक्षक त्या गुळगुळीत खोट्याला मार्क देऊन, पोहे खाऊन जायचे. शिकलेली माणसं!

पण रोज बघून डोळा शिकतो. दहा पदं टाकली. पन्नास. शंभर. पडद्याला पट्टी लावून मोजलं. शिंग बारीक होत कोपऱ्याला चिकटत जायचं, उंची मात्र जवळपास तेवढीच. प्रत्येक कॉम्प्युटरवर तेच. लॅबमधले वीसच्या वीस कॉम्प्युटर एकसारखे बिघडत नाहीत, एवढं आठवी सोडलेल्या बाईलाही कळतं.

तर त्या दिवशी, पोरं हसत असतानाच, मी म्हणलं, "सर, बिघडलेलं नाही. कितीही पदं टाका, ते राहतंच."

"घ्या! आता झाडूवाली मले गणित शिकवून राह्यली!" सरांनी माऊस माझ्याकडं ढकलला. "उद्या परीक्षक येते. गुमान खोडून टाक. कोनं आणलं तुले इथं? भुलली काय?"

मी माऊस परत सरांकडं सरकवला.

"नाही खोडणार."

मागची एक मंगरूळपीरची पोरगी वाकली. तिनं आपल्या कॉम्प्युटरवर तीनशेचा आकडा टाकला. "सर, बाई बराबर सांगून राह्यल्या. हे पाहा ना."

सर बघायला गेले नाहीत. भिंतीकडं गेले आणि मेन स्विच पाडला. वीस पडदे काळे. एवढी मोठी पदवी, आणि उत्तर हे!

"पुढच्या महिन्यात तू इथं कशी राह्यते, तेच पाहतो," जाताना म्हणाले.

बघू देत. भीती वाटते. खोली भाड्याची, गाव लांब, इथं माझं कुणी नाही. तरी शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसवणारा सतरा नंबरचा फॉर्म मी आणलाय. पास होईन, नापास होईन, परत बसेन. या माणसाचे आभार मानणं मात्र संपलं. मी मोजलंय ते मी सांगणार. समोर कुणी का असेना.