तीन वर्षं बेंचवर

चष्म्याच्या दुकानात एका माणसाने उठून माझ्या पायांना हात लावला. मग बायकोला अभिमानाने म्हणाला, "हे आमच्या कॉलेजचे फुटबॉल कोच. यांच्या हाताखाली तीन वर्षं खेळलो मी."

हळूहळू ओळख पटली. सराव एकदाही न चुकवणारा सुधीर. त्या तीन वर्षांत मी त्याला एका सामन्यातही मैदानात उतरवलं नव्हतं. चार गोलांनी हरत होतो, तेव्हासुद्धा नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत अशी किती मुलं मी बेंचवर विसरलो असेन?

"कसे खेळायचे हो हे?" त्याच्या बायकोने मला विचारलं.

"फार छान," मी म्हणालो.

सुधीरने मान खाली घातली, आणि माझीही वर उठेना.